जुन्या गाडीसाठी नवीन मेकर्स प्लेट बनवताय? या चुका टाळा

१९१५च्या आधीची गाडी रिस्टोअर करणारे लोक इंजिन, लाकूडकाम, पितळी दिवे यांच्यावर जीव तोडून काम करतात आणि डॅशबोर्डवरची छोटीशी मेकर्स प्लेट (कंपनीचं नाव, गाव, गाडीचा नंबर लिहिलेली) मात्र शेवटी घाईघाईत उरकतात. जाणकार माणूस आला की आधी तीच वाचतो. चमक थोडी कमी असली तरी चालतं हो, पण प्लेटवरचा मजकूर गाडीशी जुळत नसेल तर बाकीच्या मेहनतीवरही शंका येते.

सगळ्यात मोठा घोळ इथेच, मजकुरात. दुसऱ्याच्या गाडीवरची प्लेट आवडली, तशीच करून घेतली, पण ती कुठल्या वर्षाची ते बघितलंच नाही. अमेरिकेतल्या पॅकार्ड गाड्यांचंच घ्या, १९०२ मध्ये ओहायो ऑटोमोबाइल कंपनीचं नाव बदलून पॅकार्ड मोटर कार कंपनी झालं आणि १९०३ मध्ये कारखाना ओहायोतल्या वॉरनमधून डेट्रॉइटला गेला, मग १९०२च्या गाडीवर डेट्रॉइट कसं काय येईल? सेल्डन पेटंटच्या (जॉर्ज सेल्डनचं पेट्रोल गाडीवरचं अमेरिकन पेटंट) प्लेटचंही तसंच. ती लायसन्स घेतलेल्या कंपन्यांच्या गाड्यांवर असायची. फोर्डने ते लायसन्स घेतलंच नाही, उलट कोर्टात लढून जानेवारी १९११ मध्ये अपील जिंकलं, त्यामुळे फोर्डच्या मॉडेल टीवर ती प्लेट कितीही छान दिसली तरी लावू नका.

नंबर अंदाजाने पंच करणं (ठोकून उमटवणं) तर अजिबात नको. मॉडेल टीमध्ये इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर, आणि इतक्या वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून इंजिनवरचा नंबर आणि कागदपत्रं आधी ताडून बघा. खात्री नसेल तर जागा कोरी सोडा. नंबर असलेली मूळ प्लेट काढणं किंवा बदलणं बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या कचाट्यात येतं, तेव्हा रजिस्ट्रेशन ऑफिसला आधी विचारा, लेखी विचारलंत तर उत्तम.

मटेरियल आणि स्क्रूमध्येही काळ चुकतो. क्रोम प्लेटिंग आणि अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम दोन्ही १९२०च्या दशकात बाजारात आलं, स्टार स्क्रू गाड्यांमध्ये १९३०च्या दशकात आले, त्यामुळे १९१०च्या लाकडी डॅशवर सरळ खाचेचे पितळी स्क्रूच हवेत. कडक लाकडात पितळी स्क्रूचं डोकं पटकन तुटतं, म्हणून आधी भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा आणि मग पितळी बसवा.

मूळ प्लेटचा साचा घेऊन पितळ ओतलं की कॉपी साधारण दीड टक्का लहान येते, मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत आणि आपण डॅशला दोष देत बसतो. फोटोवरून डिझाइन करताय तर प्लेटशेजारी पट्टी ठेवा आणि कॅमेरा अगदी समोर धरा, तिरका फोटो अक्षरं बिघडवतो. शिवाय कॉम्प्युटरमधला मिळताजुळता फॉन्ट वापरू नका, जुनी अक्षरं ट्रेस करा, वेळ लागतो पण फरक लगेच दिसतो.

फेरिक क्लोराइडने एचिंग (केमिकलने धातू खाऊन अक्षरं कोरणं) करताना अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या येत असतील तर प्लेट पालथी ठेवा, म्हणजे गाळ अक्षरांत न साचता खाली पडतो. आणि जास्त वेळ ठेवू नका, केमिकल बाजूनेही खात जातं. रंग भरल्यावर निघून येतोय? बहुतेक अक्षरं उथळ आहेत नाहीतर प्लेटला हाताचं तेल लागलंय. अॅसिटोनने पुसा, रंग भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग सपाट ठोकळ्यावर बारीक वॉटर पेपर लावून घासा. बफिंग व्हील लावलंत तर रंग उपटून येईल.

नंबर पंच करायचे ते प्लेट गाडीवर बसवण्याआधीच, खाली जाड सपाट लोखंड ठेवून, नाहीतर प्लेट वाकते. आधी भंगार तुकड्यावर हात बसवा. ओळीसाठी खाली टेप लावली की झालं, अंकांत थोडा वरखालीपणा राहिला तर राहू द्या, त्या काळचे अंक हातानेच ठोकलेले असायचे.

मूळ प्लेट झिजलेली, तुटलेली असली तरी फेकू नका, कागदपत्रांबरोबर जपून ठेवा, आणि नवीन प्लेटच्या मागच्या बाजूला ती कॉपी आहे हे आणि बनवल्याचं वर्ष बसवायच्या आधीच कोरून टाका.