पाणी उकळूनही पीफास जात नाहीत: या चुका टाळा

इटलीत विचेंझाजवळच्या त्रिसिनो गावातला पीफास, म्हणजे सहजी न मोडणारी फ्लोरीनयुक्त रसायनं, बनवणारा कारखाना 2018 मध्ये बंद पडला. तोवर आसपासचं भूजल नासलं होतं. त्याची यंत्रं पुढे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. हे कळल्यापासून खेड-चिपळूणकडचे नातेवाईक मला एकच विचारतात, "आता पाणी प्यायचं कसं?" तिथल्या विहिरींत पीफास आहेत असं मी म्हणत नाही, तपासल्याशिवाय कुणी म्हणूही नये. पण काळजीपोटी घरोघरी जे उपाय चाललेत, त्यातले बरेच वाया जातायत.

पहिली चूक उकळण्यावर भरवसा ठेवण्याची. या रसायनांतला कार्बन आणि फ्लोरीनचा बंध चुलीच्या आचेला दाद देत नाही. पाण्याची वाफ होते, रसायन टोपातच राहतं, उलट किंचित दाट होतं. तुरटी, मेडिक्लोर, तांब्याची कळशी, यूव्ही दिवा, कशानेच ते जात नाही. म्हणून उकळणं सोडू मात्र नका! पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं तेव्हा कावीळ आणि जुलाब दारात उभे असतात. आधी गाळा, मग उकळा.

दुसरी चूक भलत्याच तपासणीवर निर्धास्त होण्याची. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये फ्लोराइड ठीक आलं तरी पीफासबद्दल काहीच कळत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएफओए या पीफासला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये कर्करोगकारक ठरवलं, आणि अमेरिकेने 2024 मध्ये त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठेवली. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर मोजतो मिलिग्रॅममध्ये, म्हणजे दहा लाख पट मोठ्या मापाने. प्रयोगशाळेला स्पष्ट विचारा: पीफास एलसी-एमएस-एमएस यंत्रावर, नॅनोग्रॅमपर्यंत मोजता का? बाटलीही त्यांचीच घ्या.

पीफास अडवतो आरओचा पडदा, आणि बऱ्याच अंशी चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन. पण खरी गोम पुढेच आहे. मावशीकडे आरओ होता, तरी मी झाकण उघडून पाहिलं. आत टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू सताड उघडा होता. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळात मृदू, आरओनंतर ते बेचव लागतं, म्हणून बसवणाऱ्याने पडद्याला वळसा घालून आलेलं पाणी त्यात मिसळून दिलं होतं. चव आली, पण पडदा असून नसल्यासारखा. स्क्रू पूर्ण बंद करून घ्या. मग टीडीएस मीटर कामी येतो: गाळलेल्या पाण्याचा आकडा विहिरीच्या आकड्याच्या साधारण दहाव्या भागावर यायला हवा. तो चढत गेला तर पडदा बदला. कार्बनचं काडतूस मात्र पाणी गोड लागतंय म्हणून लांबवू नका. भरलेला कार्बन धरलेलं परत सोडतो.

आंघोळीच्या, कपड्यांच्या पाण्यासाठी खर्च करू नका, त्वचेतून पीफास फारसे शिरत नाहीत. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचं पाणी तेवढं सांभाळा. अंगावर पाजणाऱ्या आईने या भीतीने दूध तोडू नये.

आरओचं वाया जाणारं पाणी मावशी परसातल्या अळवाला घालायची. पडद्याने अडवलेलं सगळं त्याच पाण्यात असतं, आणि पालेभाज्या पीफास शोषून घेतात. आता ती नळी तिने संडासाच्या बादलीत सोडली आहे.