व्हिक्टोरियन घराला ओल आलीय? मग या चुका टाळा

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं जुनं टेरेस घर (एका रांगेत, भिंतीला भिंत लागून असलेलं) घेतलेल्या कुटुंबाचा पहिला हिवाळा साधारण एकाच क्रमाने जातो. नोव्हेंबरात बेडरूमच्या बाहेरच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके दिसू लागतात. डिसेंबरात कुणीतरी ‘मोफत तपासणी’वाल्याला बोलावतं. तो हातातलं ओल दाखवणारं यंत्र भिंतीला टेकवतो, यंत्र लाल होतं. जानेवारीत भिंतीला खालून भोकं पाडून इंजेक्शन दिलं जातं आणि हातात वीस-तीस वर्षांच्या हमीचा कागद येतो. पुढच्या नोव्हेंबरात ठिपके परत हजर. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

आपली भिंत कोणती, हेच न पाहणं

बाहेर जा आणि विटा बघा. एकाच थरात लांब वीट, मग आखूड तोंड, परत लांब असं आलटून पालटून दिसत असेल तर भिंत भरीव आहे, साधारण नऊ इंच, म्हणजे २३० मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या लांबच विटा दिसल्या तर बहुधा दोन पदरी भिंत आणि मध्ये पोकळी. १९१९ पूर्वीची बहुतेक घरं भरीव भिंतीची. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक थेट ‘इन्सुलेशनचं कोटेशन’ मागतात.

भरीव भिंत पाऊस अडवत नाही, पिते. विटांमधले सांधे चुन्याचे असतात, चुना सच्छिद्र असतो, आणि वारा सुटला की प्यालेलं पाणी सांध्यांतून परत बाहेर पडतं. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्येच घेतलं होतं, तरी साध्या घरांच्या सांध्यांत पुढे कितीतरी वर्षं चुनाच चालला. ज्यांनी गावाकडे चुन्याच्या जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केलेला पाहिलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. आतून पोपडे, खाली लोणा.

यंत्र लाल झालं म्हणजे ओल, हा समज

ते यंत्र ओल मोजत नाही, वीज किती सहज वाहते ते मोजतं. त्यावरचे टक्के लाकडासाठी ठरवलेले असतात. जुन्या गिलाव्यात क्षार असले, वॉलपेपरमागे फॉइल असली, तरी काटा लालमध्ये जातो. भिंत कोरडी ठणठणीत असली तरी. त्या यंत्राचे खरे उपयोग दोनच: एकाच भिंतीवर कुठे जास्त, कुठे कमी हे ताडून पाहणं, आणि लाकूड तपासणं. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी) किंवा जमिनीच्या वाशात आकडा सतत २० टक्क्यांच्या वर असेल, तर मात्र कुजण्याची भीती खरी.

इंजेक्शन म्हणजे काय, तर खालच्या सांध्यात साधारण १२० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून सिलिकॉनचं मलम भरणं. त्यानंतर मीटरभर उंचीपर्यंत जुना गिलावा काढून तिथे वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करतात. वर्षभर भिंत कोरडी दिसते ती बहुतेक वेळा या गिलाव्यामुळे. पाणी आतच आहे, फक्त दिसेनासं झालंय. थोड्या दिवसांनी ते गिलाव्याच्या वरच्या कडेवर डोकं काढतं आणि मग लोक म्हणतात, ओल ‘वर चढली’.

त्याऐवजी जोराच्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरा. पन्हळीचा सांधा गळतोय का? उतरत्या पाइपमागे भिंतीवर हिरवा पट्टा आहे का? मग फूटपट्टी घ्या. भिंतीत खाली स्लेटचा किंवा डांबरी पट्ट्याचा थर असतो, तो ओल अडवण्यासाठीचा. बाहेरची जमीन त्याच्यापेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी. आधीच्या मालकाने फरशीवर फरशी टाकत अंगण वर आणलेलं असतं आणि पावसाचे थेंब उसळून थेट त्या थराच्या वर आपटत असतात. भिंतीलगत तीनेकशे मिलिमीटर रुंदीचा पट्टा खणून त्यात खडी भरली तरी पुष्कळ ठिकाणी काम भागतं.

पाणी बाहेरून येतंय की घरातली वाफ थंड भिंतीवर जमतेय, हे कळत नसेल तर स्वयंपाकघरातली फॉइल हातभर कापा, चारही कडांनी टेप लावून भिंतीला चिकटवा, दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने थेंब आले तर दोष हवेचा. फॉइलच्या पाठीमागे ओल असेल तर भिंतीचा.

दोष भिंतीचा निघाला आणि कारण दूर केलं, तरी लगेच रंग लावू नका. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना असा कारागिरांचा ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. एवढं थांबायची तयारी नसेल तर डबा उघडूच नका. बिघडलेली पुष्कळ कामं या घाईचीच असतात.

सिमेंट, सिमेंट आणि पुन्हा सिमेंट

सांधे झिजले की बिल्डर अँगल ग्राइंडरने ते खरवडून सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरतो. एका दिवसात समोरची बाजू पूर्ण, दिसायला चकाचक. पण सिमेंट विटेपेक्षा कठीण. पाणी आता सांध्यातून निघू शकत नाही, म्हणून विटेतून निघतं, आणि थंडीत तेच पाणी गोठून विटेचं तोंड सुटतं. सांधा शाबूत आणि वीट खोल गेलेली, अशी भिंत दिसली की निदान झालं.

दर्जा भरायच्या तर चुन्यानेच. सांधा हातोडी-छिन्नीने त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढायचा, निदान २० मिलिमीटर. ब्रशने धूळ झाडायची, पाणी मारायचं. एनएचएल ३.५ प्रकारचा (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक) एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग जाडी-बारीक मिसळलेली धुतलेली वाळू. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. हे काम एप्रिल ते सप्टेंबरचं. नंतर काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, कारण चुना फार लवकर वाळला तर भुगा होतो. जो बिल्डर ‘चुन्याचंच करतो, थोडं सिमेंट घालतो मजबुतीला’ म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवावा.

भिंतीत पाणी कोंडण्याची हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली की काय होतं, ते लँकेशायरमध्ये प्रेस्टनच्या फिशविक भागात दिसलं. २०१३ च्या सुमारास सरकारी ऊर्जा योजनेतून तिथल्या तीनशेहून अधिक घरांना बाहेरून इन्सुलेशनचे बोर्ड लावून वर गिलावा केला गेला. जुनी टेरेस घरं, वर लँकेशायरचा पाऊस. बोर्डांमागे पाणी शिरलं आणि त्याला परतीची वाट राहिली नाही. घरांमध्ये बुरशी, सुटलेले गिलावे, आणि शेवटी कित्येक घरांवरून लावलेलं सगळं ओरबाडून काढावं लागलं. पण कुणी शहाणं झालं म्हणावं तर २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने नंतरच्या योजनांचा हिशेब मांडला: बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष, म्हणजे २२ ते २३ हजार घरं.

घोळ बोर्डात क्वचितच असतो, तो कडांना असतो. भिंत ९०-१०० मिलिमीटरने जाड झाली, तर छपराची कड, खिडक्यांचे उंबरे, पन्हळी आणि पाइप तेवढेच पुढे यायला हवेत. ते न करता सिलिकॉनची रेघ ओढली की सगळं काम त्या रेघेच्या भरवशावर. म्हणून कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: खिडकीचा उंबरा किती पुढे येणार आणि छपराच्या कडेचं काय करणार? उत्तर ‘बघून घेऊ’ असेल तर पुढचं बोलणं नको, मग काम फुकटात असलं तरी.

आतून इन्सुलेशन करताना उलटी हाव सुटते: शंभर मिलिमीटर फोम चढवू, बिल शून्यावर आणू. भिंत मग आतल्या उबेला पूर्ण मुकते, आणि तिच्यात रुतलेली वाशांची टोकं थंड-ओली राहून कुजतात. लाकडी तंतूंचे ४० ते ६० मिलिमीटरचे बोर्ड आणि वर चुन्याचा गिलावा, एवढ्यावर समाधान मानावं.

वाफ जाणार कुठे?

आपल्या घरांत दिवसाला दोनदा कुकर, कढई, वर रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. थंडी वाजते म्हणून खिडकीवरच्या हवेच्या फटी टेप लावून बंद, जमिनीलगतच्या जाळीच्या विटाही कापड कोंबून बंद. त्या जाळ्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळवायला असतात. त्या बुजवल्या की पाय गरम होत नाहीत, वासे कुजतात. बुरशी ही नुसती दिसायची गोष्ट नाही. रॉचडेलमध्ये २०२० साली घरातल्या बुरशीमुळे अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा जीव गेला, आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सोशल हाउसिंगच्या (कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांच्या) घरमालकांना लागू झाला.

बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकायला हवी. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तेवढी जात नाही, कारण माळ्यावर पंख्याला जोडलेली लवचिक नळी तीन मीटर लोळत पडलेली असते. तिला मध्ये झोळ येतो, झोळात पाणी साठतं, हवा अडते. काही महाभाग तर नळी माळ्यातच मोकळी सोडतात. मग छपराच्या लाकडावरून पाणी टपकतं आणि ‘छप्पर गळतंय’ म्हणून स्लेटवाला बोलावला जातो. १०० मिलिमीटरचा ताठ पाइप, शक्य तितका आखूड, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, माळ्यातला भाग इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेला. दिवा बंद झाल्यावर पंधरा मिनिटं चालू राहणारा टायमर. आणि दाराखाली १० मिलिमीटरची फट, नाहीतर पंखा ओढणार काय? टिश्यूचा एक पदर पंख्याच्या जाळीला लावून पाहा. तो चिकटून राहिला नाही तर पंखा नुसता आवाज करतोय.

स्वयंपाकघरात कोळशाची जाळी लावून हवा परत खोलीतच सोडणारा हुड घेऊ नका. तो फोडणीचा वास थोडा कमी करतो, वाफ एक थेंबही काढत नाही. बाहेर फेकणारा हुड सेकंदाला निदान ३० लिटरचा हवा, आणि त्याचं तोंड १५० मिलिमीटरचं असेल तर पाइपही १५० चाच. १०० चा जोड लावला की तो विमानासारखा गर्जतो आणि कामाला शून्य. स्मोक अलार्म स्वयंपाकघरात लावून दर फोडणीला काठीने बंद करण्यापेक्षा तिथे उष्णतेवर वाजणारा अलार्म लावा.

उरलेल्या, झटपट

माळ्यावर काचलोकरीचा २७० मिलिमीटर थर पुरे: १०० मिलिमीटर वाशांच्या मधे, १७० मिलिमीटर आडवा वरून. छपराच्या कडेला ५० मिलिमीटर हवेची वाट सोडा. वर फळ्या दाबून बसवल्या तर लोकर दबते आणि निम्मी कामातून जाते. फळ्या वर उचलून धरणारे पाय मिळतात, ते लावा. छपराला आतून फोम फवारून घेऊ नका. लाकूड तपासता येत नाही म्हणून कितीतरी बँका अशा घराला कर्ज देत नाहीत.

कंडेन्सिंग बॉयलरचा (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या) निचऱ्याचा पाइप बाहेर असेल तर तो ३२ मिलिमीटरचा आणि गुंडाळलेला हवा. बारीक पाइप जानेवारीत गोठतो, बॉयलर बंद पडतो. कोमट पाणी ओता, उकळतं नाही. रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५-८० वर ठेवलंत तर कंडेन्सिंगचे पैसे वाया. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच वाफेतली उष्णता हाती लागते. ६० वर आणा आणि दोन दिवस बघा.

२००० पूर्वीच्या घरात छतावर आर्टेक्सचा नक्षीदार लेप असेल तर नमुना तपासल्याशिवाय घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. इंग्लंड-वेल्समध्ये शेजाऱ्याशी सामायिक भिंतीला हात लावायचा तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार दोन महिने आधी लेखी नोटीस. खिडक्या, बॉयलर, वायरिंग यांची प्रमाणपत्रं एका फायलीत ठेवा. घर विकताना सॉलिसिटर तीच मागतो.

दुकान किंवा रेस्टॉरंट भाड्याने देणाऱ्यांसाठी: इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०२३ पासून चालू भाडेकरारालाही ऊर्जा-प्रमाणपत्रावर (‘ए’ सगळ्यात चांगला, ‘जी’ सगळ्यात वाईट) दर्जा निदान ‘ई’ लागतो, मोजके अपवाद सोडले तर. त्यासाठी आधी महागडं हीटिंग बदलू नका, आधी दिवे बदला. आणि गॅसच्या शेगड्यांवरचा मोठा पंखा बंद पडला की गॅस आपोआप तुटेल अशी इंटरलॉक बसवली नसेल, तर बाकी सुधारणा नंतर.

राहिली आंघोळ. इथल्या बाथरूममध्ये मोरी नसते, जमिनीला निचरा नसतो. बादली-तांब्याने टबच्या बाहेर उभं राहून आंघोळ केली की पाणी कडेच्या सांध्यातून खालच्या फळीत मुरतं आणि वर्षा-दोन वर्षांत खालच्या खोलीच्या छताला पिवळा डाग पडतो. बादली टबच्या आत ठेवा. टबच्या कडेचं सिलिकॉन फाटलं असेल तर जुनं पूर्ण काढा, कड स्पिरिटने पुसून वाळवा, आणि नवं भरण्याआधी टब काठोकाठ पाण्याने भरा. वजनाने टब खाली बसतो, फट उघडते. त्या उघड्या फटीत सिलिकॉन भरा, चोवीस तास तसंच राहू द्या, मग बूच काढा.