जुनी कौटुंबिक मालिका पुन्हा घरी बघायची आहे? कॅसेट, व्हीसीडी आणि डीव्हीडी नीट कशी लावावी

माळ्यावरचा खोका खाली काढला की बहुधा तीन प्रकारचा माल निघतो: टीव्हीवरून घरीच उतरवलेल्या व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडीचे संच आणि थोड्या डीव्हीडी. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' असो की 'देख भाई देख', तेच भाग दोन-तीन ठिकाणी असतील तर आधी काय लावायचं ते ठरवा. पहिली पसंती डीव्हीडीला, यात वाद नाही. दुसरी व्हीसीडीला द्यावीशी वाटते, पण कॅसेट चांगल्या अवस्थेत असेल तर तिला द्या.

त्याचं कारण असं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत टीव्हीवर सेकंदाला 25 पूर्ण चित्रं नाही, तर 50 अर्धी चित्रं येतात. आधी विषम रेघा, मग सम रेघा. अशा प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यांवर झालेल्या मालिकेत प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. म्हणून स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येणारं माणूस अगदी सळसळीत चालताना दिसतं. व्हीसीडीत चित्र 352 बाय 288 एवढंच मावतं आणि सेकंदाला 25 चित्रं बसतात, म्हणजे अर्धी फील्ड थेट फेकून दिलेली असतात. व्हीएचएस कॅसेट आडव्या बारकाव्यात कमी पडते, रंग जरा पसरतात, पण पन्नासच्या पन्नास फील्ड तिच्यात शाबूत असतात. विनोदी मालिकेत हशा नटाच्या हालचालीवर पिकतो, तेव्हा हा फरक लहान नाही.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी

खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे ठाणे-नवी मुंबईत कॅसेटचा पहिला शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. कडेवर पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. बुरशी हेडवर (यंत्रातला टेप वाचणारा भाग) बसते आणि त्याच यंत्रात लावलेल्या पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन आठवडे वाळवा आणि मग टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

खिडकीतून स्वच्छ दिसली तर बाजूचं बटण दाबून पुढचं झाकण उचला आणि टेपची कड बघा. कड चुरगळलेली असेल तर त्या जागी चित्र फाटणार किंवा आवाज जाणार हे धरून चाला. मग मागच्या कडेला रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची पट्टी आहे का बघा. असेल तर तोडा. रिमोटवर चुकून लाल बटण दाबलं गेलं तर पुसलेला भाग परत येत नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेली टेप एकमेकांना चिकटलेली आणि सैल-घट्ट गुंडाळलेली असते. म्हणून आधी एकदा शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे न्या. मध्ये थांबवू नका. कॅसेट एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणली असेल तर चार-पाच तास तशीच राहू द्या, नाहीतर ओलसर टेप हेडच्या ड्रमला चिकटते.

टेप तुटली असेल तर कॅसेटचे पाच स्क्रू खोलता येतात. जोडायला सेलोटेप मात्र वापरायची नाही. तिचा डिंक पाझरतो आणि हेडची वाट लागते. जोडपट्टी टेपसाठीचीच हवी आणि ती चकचकीत नसलेल्या बाजूला की चकचकीत बाजूला लावायची हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच जोडून घ्या.

व्हीसीआर

नवा व्हीसीआर आता बाजारात नाही, जुनाच शोधावा लागतो. चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड ही दोन ठिकाणं अजून उपयोगी आहेत. चोरबाजारासाठी ठाण्याहून धीमी लोकल आणि वाशी-नेरूळकडून हार्बर, दोन्ही सँडहर्स्ट रोडला थांबतात. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि लॅमिंग्टन रोड रविवारी बराचसा. शिवाय रविवारी मेगाब्लॉक, त्यामुळे शनिवारच बरा.

जाताना एक टाकाऊ कॅसेट बरोबर न्या. दुकानात ती लावून चालू करा, पुढे-मागे पळवा, थांबवा, बाहेर काढा, आणि हे सगळं दोनदा करा. कॅसेट बाहेर येताना टेपचा फास अडकून राहत असेल तर आतले रबरी पट्टे ढिले झाले आहेत. पट्टे बदलता येतात. पण चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके ट्रॅकिंगचं बटण (हेड टेपवरच्या रेकॉर्डिंगशी जुळवणारं) फिरवूनही जात नसतील तर हेड झिजलं आहे किंवा घाण झालं आहे. झिजलेल्या हेडचं यंत्र स्वस्त मिळालं तरी महागच. मागे पिवळी, पांढरी, लाल अशी एव्ही आउटची भोकं आहेत ना, तेही बघून घ्या. नुसती अँटेनाची वायर असलेलं यंत्र आपल्या कामाचं नाही. अमेरिकेतून कुणी आणलेलं 110 व्होल्टचं यंत्र इथल्या 230 व्होल्टवर लावलं तर धूर निघेल, आणि ते पाल कॅसेटही दाखवणार नाही.

हेड साफ करायचं तर यंत्राचा प्लग काढा. कोऱ्या जाड कागदाची पट्टी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि ड्रम दुसऱ्या हाताने सावकाश फिरवा. कागद काळा झाला की नवा घ्या. कापसाचा बोळा वरखाली घासू नका, हेडच्या फटीत तंतू अडकून हेडच उपटलं जातं.

पहिल्या खेपेलाच उतरवून घ्या

आधी बघू, आवडलं तर मग कॉम्प्युटरवर घेऊ, हा क्रम उलटा करा. जुनी टेप प्रत्येक वेळी थोडी झडते आणि पहिली फेरीच बहुधा सगळ्यात स्वच्छ निघते. त्यामुळे यंत्र चालू होण्याआधी कॉम्प्युटर तयार हवा.

व्हीसीआरची एव्ही वायर यूएसबी कॅप्चर कार्डात (सिग्नल फाइलमध्ये उतरवणारं उपकरण) आणि कार्ड कॉम्प्युटरच्या यूएसबीत, थेट, हबमधून नको. सॉफ्टवेअरमध्ये पाल बी, 720 बाय 576 आणि 25 फ्रेम (पूर्ण चित्रं) निवडा. चुकून एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर सरकत राहतं. उतरवताना फील्ड जसेच्या तसे राहू द्या, 'डीइंटरलेस' (फील्डपासून पूर्ण चित्रं बनवणं) बंद ठेवा. एमपेग-2 मध्ये सेकंदाला 8 मेगाबिटवर तासाला साधारण 3.6 जीबी लागतात, म्हणजे ई-180 कॅसेटचे तीन तास 11 जीबीच्या आत मावतात. डिस्कवर जागा असेल तर डीव्ही स्वरूपात घ्या. तासाला 13 जीबी, पण नंतर कापाकापी करताना चित्र बिघडत नाही.

गडबड होते ती बहुधा या जागी:

आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो. टेपवरचा सिग्नल डळमळीत असला की स्वस्त कार्ड फ्रेम गाळतं. तीन तास एका दमात न घेता प्रत्येक भागानंतर फाइल थांबवून नवी सुरू करा. तरीही चुकलं तर मध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून त्याच्यातून सिग्नल काढा, तो सिग्नल सरळ करून पुढे देतो.

चित्र मध्येच निळं होतं. हे टेपमध्ये नाही. सिग्नल कमजोर झाला की काही व्हीसीआर स्वतःहून निळा पडदा टाकतात. यंत्राच्या मेनूत तो बंद करायची सोय बहुधा असते.

आवाजात घूं घूं येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. व्हीसीआरला केबलवाल्याची वायर जोडलेली असेल तर तीही काढा. खरखर किंवा फटफट येत असेल तर ट्रॅकिंग थोडं फिरवा, नाही जमलं तर ऑडिओ हाय-फायवरून 'नॉर्मल'वर टाका. मालिकेच्या संवादांना मोनो पुरतो.

चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी रेघ दिसते. ती सगळ्याच व्हीएचएसमध्ये असते, जुना टीव्ही ती कडेखाली झाकायचा. मूळ फाइलमध्ये कापू नका. बघायची प्रत बनवताना तळाच्या 8-10 रेघा काळ्या करा.

जाहिरातीही कापू नका. हे आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण तारीख त्यांच्यामुळेच लागते. कोपऱ्यातलं चिन्हही बघा. अल्फा मराठीचं नाव 2005 मध्ये झी मराठी झालं; 'टिपरे'च्या कॅसेटवर अल्फाचं चिन्ह असेल तर रेकॉर्डिंग त्याआधीचं. 'देख भाई देख' 1993 मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आली आणि मेट्रो वाहिनी 2003 मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या चिन्हाची कॅसेट त्याच्या आतली.

व्हीसीडी आणि डीव्हीडी

चकती पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ कोरड्या किंवा किंचित ओल्या कापडाने. गोल गोल पुसल्याने पडणारा ओरखडा डेटाच्या रांगेतच जातो आणि यंत्राला सावरता येत नाही. व्हीसीडीत चकचकीत थर वरच्या लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून लेबलवरचा खोल ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट. प्रकाशासमोर धरल्यावर भोकं दिसली तर तेवढा भाग गेला. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, तिला लेबलवरच्या ओरखड्याचं फारसं वाटत नाही. टूथपेस्टचा घरगुती इलाज करून बघायचाच असेल तर ज्या चकतीवर पाणी सोडलं आहे तिच्यावर करा.

व्हीसीडीवर 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असतात. विंडोजवर त्या सरळ कॉपी होतात आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. व्हीसीडीत जागा वाचवण्यासाठी चुका दुरुस्त करणारा जादा डेटा वगळलेला असतो, त्यामुळे ज्या ओरखड्यावर डीव्हीडी निभावून नेते तिथे व्हीसीडी अडते किंवा चेहऱ्यांचे चौकोन होतात. एका ड्राइव्हमध्ये अडली तर दुसऱ्यात घालून बघा, जुन्या डेस्कटॉपचे ड्राइव्ह लॅपटॉपच्या बारीक ड्राइव्हपेक्षा बऱ्याचदा चिवट निघतात.

डीव्हीडी विकत घेताना मागच्या बाजूला पाल की एनटीएससी ते वाचा. परदेशी विक्रीसाठी आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससीत निघाल्या. मूळ पाल मालिका त्यात बसवताना फ्रेम एकमेकांत मिसळल्या जातात आणि हलत्या हातामागे सावली दिसते. ती नंतर काढता येत नाही. डीव्हीडीवर विक्रीच्या प्रदेशाचा क्रमांक म्हणजे रीजन असतो, भारताचा रीजन 5. रीजन 1 ची चकती इथल्या साध्या प्लेअरवर लागणार नाही.

उतरवलेलं घरापुरतं ठेवा. पूर्ण भाग यूट्यूबवर टाकले की ती खासगी वापराची गोष्ट राहत नाही.

टीव्हीवर लावताना

पेन ड्राइव्हवर डॅट किंवा व्हीओबी (डीव्हीडीवरची फाइल) टाकली तर बरेच टीव्ही तोंड फिरवतात, म्हणून एच.264 ची एमपी4 प्रत करा. कॅसेट आणि डीव्हीडीच्या प्रतीत डीइंटरलेस करताना 25 नव्हे, 50 फ्रेम घ्या. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 'बॉब' (प्रत्येक फील्डचं वेगळं चित्र करणारा पर्याय) निवडून फ्रेम रेट 50 वर ठेवा. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर आपणहून 50 देतो, यादिफ फिल्टर मात्र न सांगितल्यास 25 च देतो. पंचविसावर आणलं की मालिका सिनेमासारखी अडखळू लागते. माणसं पुढे-मागे झटके खात चालली तर फील्डचा क्रम उलटा निवडला गेला आहे, तो बदला. व्हीसीडीला डीइंटरलेसची गरज नाही. केलं तर उरलंसुरलं चित्रही मऊ होतं.

पेन ड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक भाग, एक फाइल ठेवली की तो प्रश्नच येत नाही.

मग टीव्हीचा आकार. चित्र 4:3 आहे, ते 16:9 भरून ताणू नका. सगळे बुटके आणि रुंद दिसतात आणि काही दिवसांनी डोळ्याला तेच खरं वाटू लागतं. 43 इंची टीव्हीवर 4:3 चित्र सुमारे 71 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 35 इंची टीव्हीएवढं भरतं. घरातल्या कुणाला बाजूचे काळे पट्टे खुपत असतील तर टीव्हीमागे मंद दिवा लावा. 'झूम'ने डोकी आणि खालच्या पाट्या कापल्या जातात.

शार्पनेस शून्याजवळ, चित्रातले दाणे काढणारं 'नॉइज रिडक्शन' बंद, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. पन्नास फ्रेमची फाइल मुळातच गुळगुळीत असते, टीव्हीने त्यात भर घातली की हातांच्या कडा विरघळतात. कॅसेटचा रंग फिका वाटला तर टीव्हीवरच थोडा वाढवा, मूळ फाइलला हात लावू नका. बसायचं अंतर अडीच-तीन मीटर ठेवा. जवळून जुनं चित्र मेणासारखं दिसतं.

मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरी असू द्या: तुम्ही नौपाड्यात तर ती ऐरोलीच्या आत्याकडे. फाइलच्या नावात मालिका, भाग आणि तारीख. तारीख अंदाजाने असेल तर तसं लिहा. कॅसेट मात्र टाकू नका. पूर्ण मागे नेऊन, पुस्तकांसारख्या उभ्या, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीला न चिकटवता कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी बदला.