चहा उकळेपर्यंत तोल सांभाळायचा सराव

फिजिओथेरपिस्टने आईला तोलाचे व्यायाम दिले होते, पण रोज राहून जायचे. आता सकाळी मी चहा टाकला की ती ओट्याच्या सिंककडच्या बाजूला, गॅसपासून लांब उभी राहते.

१. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. १० वेळा.
२. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत १० सेकंद उभं राहायचं. पाय बदलून पुन्हा.
३. एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या.

जमू लागलं की एकाच हाताने धरायचं, मग नुसती दोन बोटं टेकवायची. आईला बोटांवर यायला बरेच आठवडे लागले, घाई केली नाही.

फरशी कोरडी हवी, पायात मोजे नकोत. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.