6 व्होल्टची जुनी शेव्हरले: इंजिन तापल्यावर सेल्फ उचलत नसेल तर (माझा अनुभव)

गाडी 1951ची शेव्हरले, 6 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं). सकाळी सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) कसाबसा फिरायचा, इंजिन तापलं की नुसतं घुर्र करून थांबायचा. नवी बॅटरी टाकली, सेल्फचे कार्बन ब्रश बदलले, फरक शून्य. वर जो तो ‘12 व्होल्ट करून टाक’ म्हणून डोकं खायचा.

दोष निघाला केबलींत. आधीच्या कुणीतरी 12 व्होल्टवाल्या बारीक केबल बसवल्या होत्या. तेवढ्याच कामाला 6 व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलही जाड हवी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारला, तर 0.9 व्होल्ट. सहातला जवळजवळ एक अर्थमध्येच गायब!

आधी निगेटिव्ह सोडली, मग पॉझिटिव्ह. 50 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल घेऊन दोन्ही टोकांना लग (बोल्टखाली बसणारी तांब्याची कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घेतले. अर्थ चॅसीला न देता थेट ब्लॉकवर, बोल्टखालचा रंग आणि गंज पार खरवडून. ब्लॉक ते चॅसी वेगळी पट्टी. बॅटरी ते सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) तीच जाड केबल. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. आता केबलीत वाया जाणारा तोच व्होल्टेज (ड्रॉप) 0.15, आणि तापलेलं इंजिनही झटक्यात उचलतं.

सेल्फला जोर यावा म्हणून 6 व्होल्टच्या जागी 8 व्होल्टची बॅटरी टाकायचा जुगाड मी टाळला. त्यात रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग ताब्यात ठेवणारा भाग) पुन्हा सेट करावा लागतो, बल्बही लवकर उडतात.