आखातात अडकलेल्या माणसाला घरी आणताना

तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. रत्नागिरी, रायगडातल्या कितीतरी घरांत उलटं होतं. मुलाचा सौदीहून किंवा दुबईहून रडवेला फोन येतो, घरचे दागिने गहाण टाकून तिकीट पाठवतात आणि मुलगा विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या खिडकीवरून माघारी फिरतो. एक्झिट, म्हणजे तो देश सोडण्याची परवानगी, लागलेली नसते, मुदत उलटून राहिल्याचा दंड थकलेला असतो, नाहीतर कर्जाच्या थकबाकीपायी बँकेने प्रवासबंदी आणलेली असते. पुढचं सगळं घरच्यांसाठी आणि गावातल्या मंडळाच्या, जमातीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलं आहे, कारण धावपळ तेच करतात.

आधी त्यालाच विचारा

घरी यायचं आहे, की फक्त त्या मालकाच्या तावडीतून सुटायचं आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा प्रश्न त्याला एकट्याला विचारा. वडील, बायको, उसने पैसे दिलेला मामा यांच्यापैकी कुणी फोनवर नसताना. डोक्यावर कर्ज असलेला माणूस घरच्यांसमोर "येतो" म्हणायला धजत नाही, आणि कधी घरचेच "ये" म्हणत असतात पण त्याला यायचं नसतं. न येण्याचाही मार्ग असतो. अमिरातीत पगार थकला की ठरावीक अटींवर दुसरा मालक धरता येतो. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत पत्राची, अट काढली. सौदीत २०२१ च्या सुधारणांनंतर काही परिस्थितीत संमतीवाचून बदली होते, मात्र घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ त्या सुधारणांच्या बाहेर ठेवले गेले. वाळवंटात बकऱ्यांमागे पाठवलेल्या पोराला म्हणूनच ही वाट सांगून उपयोग नसतो.

त्याच संभाषणात एवढं वहीत उतरवा: देश आणि शहर, इकाम्याचा (सौदीतला राहण्याचा परवाना) किंवा एमिरेट्स आयडीचा (अमिरातीतलं ओळखपत्र) नंबर आणि त्याची मुदत, पासपोर्ट कुणाकडे आहे, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा मिळाला, आणि बँकेचं कर्ज, चेक, मोबाइलचा हप्ता, पोलीस केस यांपैकी काही आहे का. हा शेवटचा प्रश्न लाजेपोटी टाळला जातो आणि नेमका तोच विमानतळावर आडवा येतो. दोनदा विचारा.

व्हिसा कसला होता हेही स्पष्ट करून घ्या. एजंट ज्याला 'आझाद व्हिसा' म्हणतो तसा व्हिसा कायद्यात नाही. कागदावर कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक असतो आणि माणूस काम भलत्याकडेच करतो. कफीलने 'कामावरून पळाला' अशी नोंद केली, म्हणजे सौदीच्या भाषेत हुरूब लावला, की माणूस बेकायदा ठरतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन कामाला लागलेल्याची ई-मायग्रेट या भारत सरकारच्या परदेशी कामगारांच्या नोंदणी प्रणालीत नोंद नसते, विमाही नसतो. तरीही भारतीय वकिलातीकडे जायला त्याने घाबरू नये. नागरिक म्हणून मदत मागायला व्हिसा चालू असावा लागत नाही.

कागद आणि आउटपास

पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान (पत्ता शेवटच्या पानावर असतो), व्हिसा, इकामा, कामाचा करार, पगाराचे बँक मेसेज, हजेरीचे फोटो, साइटचा गेटपास हे सगळं आजच्या आज घरी मागवा आणि ईमेलवरही ठेवा. फोन मालकाने काढून घेतला तर पुरावाही जातो.

पासपोर्ट कंपनीकडे असेल तर आधी तो परत मागायचा. कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवायला त्या देशांच्या कायद्यातही मालकाला मुभा नाही, आणि वकिलातीच्या एका फोनवर तो कधी कधी निघतो. हरवलाच असेल किंवा मिळण्याची आशा नसेल तर वकिलात आपत्कालीन प्रमाणपत्र देते. कामगार त्याला 'आउटपास' म्हणतात. तो फक्त भारतात परतण्याच्या एकेरी प्रवासापुरता चालतो. जुन्या पासपोर्टची प्रत असेल तर काम लवकर होतं. नसेल तर नागरिकत्वाची पडताळणी गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते आणि वेळ खाते. इथे घरच्यांचं खरं काम सुरू होतं: त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, आई-वडिलांची ओळखपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि पडताळणीला पोलीस येतील त्या दिवशी कुणीतरी घरी असू द्या. दार बंद दिसलं की शेरा अडतो. आउटपास हातात आला म्हणजे एक्झिट मिळाली, असंही समजू नका. एक भारत सरकारचा कागद, दुसरी त्या देशाची परवानगी.

तक्रार कुठे आणि कशी

परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून चालू आहे. घरच्यांनाही त्यावर तक्रार टाकता येते आणि मिळालेल्या नंबरावरून ती कुठवर आली ते कळतं. मजकूर छोटा ठेवा: कोण, कुठे, कोणत्या कंपनीत, पासपोर्ट नंबर, किती महिन्यांचा पगार थकला, आज काय हवं आहे. "माझ्या मुलाचे हाल बघवत नाहीत" याने अधिकाऱ्याला पुढचं पाऊल कळत नाही. "१४ तारखेपासून कॅम्पमध्ये जेवण नाही, इकामा संपलेला, एक्झिट हवी" याने कळतं. एकाच प्रकरणाच्या पाच नातेवाइकांनी पाच तक्रारी टाकू नयेत. प्रत्येकीत तपशील थोडा वेगळा निघतो आणि सगळ्याच अडकतात.

फोन करायचा तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला नंबर १८०० ११ ३०९० आहे, आणि अमिरातीतून ८०० ४६३४२. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात परराष्ट्र मंत्रालयाचं शाखा सचिवालय आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय एकाच छताखाली आहे. एजंटविरुद्धची तक्रार तिथे द्या. एजंट नोंदणीकृत नसेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली तो गुन्हाच आहे, म्हणून गावच्या पोलीस ठाण्यात एफआयआरही करा.

तिकिटालाही पैसे नसतील तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. २००९ साली सुरू झालेल्या या निधीतून गरजूंना तात्पुरता निवारा, विमानाचं तिकीट, वकील, तातडीचे उपचार आणि कामगाराची चूक नसेल तिथे मुदतबाह्य राहण्याचा किरकोळ दंड असा खर्च वकिलात करू शकते. तो आपोआप मिळत नाही, अर्जात तसं मागावं लागतं.

व्हिडिओ व्हायरल करायचा मोह आवरा. मालकाचं नाव घेऊन केलेला व्हिडिओ अमिरातीत सायबर कायद्याखाली कामगारावरच उलटू शकतो.

निघण्याआधी हिशेब

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मालक म्हणतो, "सही कर, उद्याचं तिकीट देतो." अरबी कागदावर लिहिलेलं असतं, 'सर्व येणे मिळाले, तक्रार नाही.' कागदाचा फोटो काढून वाचून घेतल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

ग्रॅच्युइटीचं गणित घरी बसून करता येतं. अमिरातीत एक वर्ष पूर्ण झालं असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार. समजा मूळ पगार १,२०० दिरहम आणि नोकरी सहा वर्षांची. दिवसाचे ४० दिरहम. पाच वर्षांचे ४,२०० आणि सहाव्याचे १,२००, एकूण ५,४०० दिरहम. ओव्हरटाइम आणि भत्ते यात धरले जात नाहीत. पगार १,८०० समजून चाललेल्या माणसाचा करार बघितला की मूळ ८०० निघतो, आणि वाद तिथूनच पेटतो. पैसे करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात.

सौदीत हिशेब वेगळा: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, नंतर दरवर्षी पूर्ण महिन्याचा. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश. २,००० रियालवर चार वर्षं राबलेल्याचे ४,००० होतात. राजीनाम्याच्या कागदावर सही केली की १,३३३ उरतात. पगार थकवल्यामुळे काम सोडलं असेल तर तसंच लेखी नोंदवायचं, 'राजीनामा' म्हणून नाही, कारण तशा वेळी पूर्ण हक्क राहतो. घरकामगारांचे नियम दोन्ही देशांत स्वतंत्र आहेत, हे आकडे त्यांना लावू नका.

हिशेबाची तक्रार आधी तिथल्या कामगार मंत्रालयात करायची, कोर्ट नंतर. अमिरातीत ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं. मुदत पाळा. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिने, अमिरातीत २०२४ च्या बदलानंतर दोन वर्षं.

दावा चालू असताना यावंच लागलं तर मुखत्यारपत्र तिथेच, निघण्यापूर्वी करून ठेवायचं. इथे आल्यावर अमिरातीसाठी तेच करायला नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं इतके शिक्के लागतात. त्यात मूळ रकमेचा मोह सुटतो.

बाहेर पडण्याची वाट

अमिरातीत मुदत उलटून राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम. २०० दिवसांचे १०,००० होतात. दंडमाफीचा अर्ज करता येतो, पण मोठी सवलत तेथील सरकार जाहीर करेल तेव्हाच. २०१८ मध्ये अशी मुदत मिळाली होती. २०२४ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात दंड माफ झाले आणि जाणाऱ्यांवर परत येण्याची बंदीही घातली गेली नाही. पुढची कधी येईल या आशेवर लपून राहण्यात दिवसाचे ५० चढत जातात.

सौदीत इकामा चालू आणि मालक राजी असेल तर तोच फायनल एक्झिट लावतो. ती लागल्यापासून ६० दिवसांत देश सोडायचा. इकामा संपला असेल किंवा हुरूब असेल तर वकिलातीकडे फायनल एक्झिटसाठी नोंदणी करून तिथल्या कामगार कार्यालयामार्फत किंवा तरहीलमार्फत मार्ग निघतो. तरहील म्हणजे हद्दपारीचं केंद्र. "पोलिसांना स्वतःच पकडून दे, फुकटात घरी पोचशील" हा कॅम्पमधला सल्ला ऐकू नका. तसं गेल्यावर बोटांचे ठसे घेऊन पाठवणी होते, थकलेला पगार मागे राहतो आणि बहुधा त्या देशात पुन्हा कामाला जाता येत नाही.

माणूस आजारी असेल तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा 'प्रवासास योग्य' दाखला आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरून मंजूर करून घ्यावा लागतो. स्ट्रेचरला अनेक सीटांची जागा जाते आणि भाडंही तसंच. मुंबईत उतरल्यावर रुग्णवाहिका आणि रुग्णालयातला बेड आधी ठरलेला हवा.

आल्यानंतरचे तीन महिने

पहिल्या आठवड्यात घरी पाहुण्यांची रीघ लागते. त्यातच रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. ५० अंशांच्या आसपास उन्हात, कमी पाण्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्यांची मूत्रपिंडं दुखणं न दाखवता बिघडलेली असू शकतात. झोप उडाली असेल, माणूस गप्प झाला असेल तर टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

मग पैसा. कायमचा परतला असेल तर एनआरई (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं) खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलायचं. जाण्यासाठी काढलेल्या कर्जाची यादी करा: कुणाचं, किती, व्याज काय, चिठ्ठी आहे का. बिनपरवाना सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) तक्रार होते. तिकडच्या बँकेचं कर्ज 'आता कोण विचारतो' म्हणून विसरू नका. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर अमिरातीतल्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा भारतात बजावता येतो. बँकेशी तडजोडीची रक्कम ठरवून पत्र घेणं स्वस्त पडतं.

घर बांधायला, रिक्षा किंवा हॉटेल घ्यायला पहिले तीन महिने घाई नको. त्याच्या हातात जे काम आहे, एसी, शटरिंग, वेल्डिंग, ते इथे कुणी ओळखत नाही, कारण प्रमाणपत्र नसतं. 'पूर्वज्ञान मान्यता' म्हणजे आरपीएल योजनेत चाचणी देऊन ते मिळवता येतं. धंद्यासाठी पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रातून अर्ज जातो. सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात आणि अनुदान ग्रामीण भागात २५ टक्के. ते अनुदान हातात पडत नाही, कर्जखात्याशी अडकवून ठेवतात, हे आधी सांगून ठेवा; नाहीतर लोक त्याच पैशाने सावकार भागवायचा बेत करतात.

आउटपासवर आलेल्याने नवीन पासपोर्ट लगेच काढावा. जुना हरवल्याची पोलीस नोंद आणि परतल्याचा कागद जपून ठेवावा. त्यातले बरेच जण पुन्हा निघतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त या वेळी एजंटचा परवाना नंबर ई-मायग्रेटवर बघायचा, सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त द्यायचं नाही, पावती घ्यायची. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा) असतो, तर प्रवासी भारतीय विमा योजना घेतल्याशिवाय निघायचं नाही. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि संरक्षण १० लाखांचं. चूक नसताना नोकरी मध्येच गेली किंवा आजारपणामुळे परतावं लागलं तर परतीच्या तिकिटाची तरतूदही त्यात आहे.