जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने धावत्या गाड्या टिपताना शटर स्पीड कसा ठरवावा

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा सोडून ४५ मेगापिक्सेलचा घेतला, त्यानंतर पहिल्याच रविवारी नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रोडवर काढलेले फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिले, तर निम्म्याहून अधिक हललेले. शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) नेहमीचाच, १/२५० सेकंद, आणि हातही तोच होता. हाताचा जो किंचित धक्का जुना कॅमेरा मोजक्या पिक्सेलांत झाकून टाकत असे, तोच नवा कॅमेरा उघडा करत होता. मोटर शर्यतींचे फोटो काढू इच्छिणाऱ्याने हा हिशेब आधी नीट समजून घ्यावा.

ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे १/१००० सेकंदात २० मिलिमीटर पुढे सरकते. तुमच्या फ्रेममध्ये गाडीच्या जागी सहा मीटर रुंदी मावत असेल, तर २४ मेगापिक्सेलच्या ६००० पिक्सेल रुंद चित्रात एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. स्थिर धरलेल्या कॅमेऱ्यात ही गाडी २० पिक्सेल पसरते आणि ४५ मेगापिक्सेलच्या ८२५६ पिक्सेल रुंद चित्रात साधारण २७. केवळ शटर वाढवून आडवी जाणारी गाडी गोठवणे किती महाग पडते, हे यावरून कळते. म्हणूनच गाडीबरोबर कॅमेरा फिरवण्याला, म्हणजे पॅनिंगला पर्याय नाही. पॅनिंगमध्ये पाच टक्क्यांची चूक राहिली तर उरलेला सापेक्ष वेग सेकंदाला एक मीटर असतो. १/१२५ ला ही चूक नव्या कॅमेऱ्यात ११ पिक्सेल दिसते, १/५०० ला तीनच्या आत.

नियम सोपा आहे. २४ वरून ४५ मेगापिक्सेलवर जाताना पिक्सेलच्या पातळीवर पूर्वीइतकाच नेमकेपणा हवा असेल, तर शटर अर्धा स्टॉप वेगवान करावा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). १/२५० चे साधारण १/३५० करावे. मात्र फोटो शेवटी २००० पिक्सेल रुंदीचाच द्यायचा असेल, तर ते ११ पिक्सेल तीनपेक्षा कमी होतात आणि जुना शटर स्पीड पुरतो. मोठी छपाई करायची किंवा फ्रेम कापून वापरायची असेल तेव्हाच ही अर्ध्या स्टॉपची किंमत मोजावी. शंभर टक्क्यांवर पाहून चांगले फोटो फेकून देणारे अनेक जण मला भेटतात आणि दर वेळी हळहळ वाटते.

सरावासाठी पाम बीच रोडचा पूर्वेकडचा पदपथ मला सर्वांत सोयीचा वाटतो. सकाळी ऊन पाठीशी असते आणि बेलापूरकडे जाणारी वाहने उजवीकडून डावीकडे जातात. दुभाजकावर किंवा रस्त्यावर उतरू नये, आणि वेगाची मर्यादा मोडणाऱ्यांना कॅमेरा दाखवून चेव आणू नये. बस आणि सायकली सरावाला उत्तम आहेत. पाय पुढे, जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवावेत आणि कंबरेतून वळून गाडी दूर असतानाच पकडावी. बटण दाबल्यानंतरही फिरणे थांबवू नये, कारण बहुतेक फोटो त्याच क्षणी हलतात. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तोच निवडावा.

मग चूक वाचायला शिकावे. हेल्मेटच्या काचेवर किंवा आरशाच्या कडेवर उन्हाचा एखादा चकाकता ठिपका शोधून मोठा करावा. तो आडवी रेघ झाला असेल तर फिरण्याचा वेग चुकला; तिरकी रेघ असेल तर बटण दाबताना हात खाली गेला; गोल फुगला असेल तर फोकस चुकला. कडा पाण्यासारख्या थरथरलेल्या दिसल्या तर तो तापलेल्या डांबरावरच्या हवेचा परिणाम असतो. त्यावर कोणताही शटर स्पीड चालत नाही. जवळ जावे किंवा सकाळी लवकर यावे.

चाकांचा हिशेब वेगळा ठेवावा. टायरचा घेर सुमारे दोन मीटर धरला तर ताशी १८० किलोमीटरला चाक सेकंदाला २५ फेऱ्या घेते. १/१००० ला ते नऊच अंश फिरते आणि गाडी उभी असल्यासारखी वाटते. १/२५० ला ३६ अंश फिरते आणि चित्रात जीव येतो. त्यामुळे वेगवान शटर म्हणजे चांगला फोटो, हे मला मान्य नाही.

शटर कमी केला की भर उन्हात अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्सचे छिद्र) एफ १६ पर्यंत बंद करण्याचा मोह होतो. बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. एफ ८ वर राहून लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी राखाडी काच, लावावा. सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर टाळून यांत्रिक शटर वापरावा, नाहीतर मागचे खांब तिरपे होतात.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतींच्या ट्रॅकला किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाण्यापूर्वी १/५००, १/२५०, १/१२५ आणि १/६० या प्रत्येक शटर स्पीडला वीस वाहने टिपावीत आणि किती साधली ते वहीत लिहावे. ज्या शटर स्पीडला निम्मी साधतात, त्यापेक्षा एक स्टॉप वेगवान शटरने ट्रॅकवर सुरुवात करावी. पहिल्या काही फेऱ्यांत हातात पुरेसे खात्रीचे फोटो जमले, की मगच एकेक पायरी खाली उतरावे.